आगळाचं पाणी

कोकमाच्या आगळाची बाटली उघडली, की त्या आंबटखारट वासासरशी मला ऐंशीच्या दशकातली आमची जोगेश्वरीची खोली आठवते. वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. ‘प्रेशर परत चढलं तर माझ्या हातात काही नाही,’ असं डॉक्टरांनी बजावल्यापासून आई त्यांना बिनमिठाचं जेवण भरवत होती, गोळी एकही चुकवत नव्हती. तरी त्या सकाळी दंडाला पट्टा बांधून डॉक्टर पाऱ्याकडे बघतच राहिले. “मीठ कोण देतंय यांना?” ते कडाडले. “देवाशप्पथ, चिमूटभरही नाही हो,” आई रडकुंडीला आली. तेवढ्यात भावाची सेवा करायला गावाहून आलेली आत्या रोजच्यासारखा लालभडक पेला घेऊन आली. “आगळाचा पाणी. रगात थंड रवता.” डॉक्टरांनी घोटभर चाखलं आणि पेला खाली ठेवला. आगळ टिकावं म्हणून त्यात मिठाच्या मुठीच्या मुठी पडतात. या बाटलीतलं मीठ तर आत्याने स्वतःच्या हाताने घातलेलं. तिने पेला उचलून मोरीत ओतला. पुढे वडील काठी धरून चालायला लागले, पण आत्याने त्या दिवशी सोडलेलं मीठ मरेपर्यंत पुन्हा तोंडाला लावलं नाही. हल्ली प्रेशरची गोळी मलाही चालू आहे, जेवताना हात मिठाकडे गेला, की ‘मीठ कशाला सोडलंस?’ विचारणाऱ्यांना ती द्यायची ते ठरलेलं उत्तर ऐकू येतं, “तेका मीठ नाय, तर माका कित्याक होया?”