आवाजाची उजवी कड

माझ्या मेहुणीच्या आवाजाची उजवी कड मी धुळ्याच्या एका बाइंडरकडून कापून घेतली. अगदी सरळ कापली त्याने. मीच तसं बजावलं होतं. हे वाचून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटणं साहजिक आहे, पण तो मान आमच्या साडूंचा. अख्ख्या खानदेशात बायकोचा आवाज कागदावर छापून कपाटात ठेवणारा माणूस हा एवढाच.

सगळे त्यांना नाना म्हणत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात ते कॉम्प्युटरचा क्लास चालवत, आणि कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जळगावच्या मे महिन्यात फ्लॉपी पापडासारखी वाकते, वीज हवी तेव्हा जाते आणि नको तेव्हा दुप्पट येते. टिकतो तो कागद, असं त्यांचं म्हणणं. म्हणून फोटो असो की आवाज, नाना आधी त्याची अक्षरं करत आणि मग ती छापून ठेवत. "आत नुसते आकडे असतात, साडूभाऊ. तसेच छापायला गेलं तर प्रिंटर बोंबलतो," ते समजावत. "रावेरची केळी पाल्यात गुंडाळून दिल्लीला जातात की नाही? तसे हे आकडे अक्षरांत गुंडाळायचे. पोचल्यावर पाला काढला की केळं जसंच्या तसं." कागदावर मात्र पाल्याचाच ढीग दिसे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी एम, पुढे डॉलर, टक्का, कंस, मध्येच एखादा नऊ. प्रिंटरच्या अंगात आल्यासारखं.

नानांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का. टेपरेकॉर्डर दिसला की तोंडावर पदर घेऊन पळणारी. एकदा नाना कॉम्प्युटरचा माइक तपासत होते. तिला ते ठाऊक नव्हतं. ती दारात येऊन म्हणाली, "आवं, जेवाले चाला ना, भाकर थंडी व्हई राह्यनी." भाकरी थंड होतेय, जेवायला चला, तेवढंच रेकॉर्ड झालं. नानांनी सवयीने त्याचीही अक्षरं करून छापली. पुढे अक्का गेली. त्याच उन्हाळ्यात कॉम्प्युटरची डिस्क जळाली, फ्लॉपीनेही मान टाकली, आणि अक्काच्या आवाजाचा उरला तो कागदांचा गठ्ठा.

नाना तो वाचत बसायचे. भर दुपारी, पडदे ओढून, कूलर बंद करून. का, तर कूलरच्या आवाजात ती ऐकू येत नाही. मी एकदा शेजारी टेकलो, तर त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे ती दारात येऊन उभी आहे. अजून बोललेली नाही." मी पाहिलं. त्याच चार खुणा, पुन्हा पुन्हा, ओळीमागून ओळ. "शांतता अशीच छापली जाते," नाना म्हणाले. त्यांनी पान उलटलं. खुणा एकदम विस्कटल्या, आणि नाना कागदाकडे बघत हळूच म्हणाले, "आलो." कधी ते मोठ्याने वाचत: "एम, डॉलर, कंस, टक्का..." ते ऐकून शेजारची एक बाई लेकराला घेऊन अंगारा मागायला आली. हा मंत्र नाही, असं नानांनी शपथेवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि घरी जाऊन स्वतःच्या दाराला लिंबू-मिरची बांधली.

तो गठ्ठा अक्षर अक्षर करून पुन्हा टाइप करायचा, म्हणजे अक्का पुन्हा बोलेल, असा नानांचा बेत होता. पानं सुटी होती, पंख्याखाली उडत. मी पडलो मराठीचा मास्तर. म्हटलं, "द्या इकडे, बांधून आणतो." धुळ्यात देवपूरला आमच्या घराजवळच बाइंडर होता. नाना मोठ्या टायपात छापत, त्यामुळे ओळी पार कडेपर्यंत गेलेल्या. हे माझ्या लक्षात कशाला येतंय? लाल कापडी बांधणी, वर सोनेरी रेघ, कडा कापून अगदी सरळ केलेल्या. नानांनी ते पुस्तक उघडलं आणि उजव्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"डावीकडून कापलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले. "तिथे सगळे एमच. उजवीकडचं अक्षर दर ओळीला वेगळं होतं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरीही त्यांनी सगळं टाइप केलं. ओळीच्या शेवटी जिथे अक्षर कापलं गेलं होतं, तिथे एकच एक अक्षर भरत गेले. दिवाळीत आम्हा दोघांना बोलावलं. बायको आत भांडी घासत होती. नानांनी बटण दाबलं.

"आवं, जेवाले चाला ना..."

आतली भांडी थांबली. "उनू वं अक्का, उनू," आले, आले, असं म्हणत बायको ओल्या हातांनी बाहेर धावली आणि खोलीच्या मधोमध थबकली. दाराकडे बघायचं धाडस तिघांपैकी कोणालाच होईना.

नानांनी पुन्हा लावलं. आता मला ते ऐकू आलं. अक्काच्या शब्दांखाली कोणीतरी जाड, एकसुरी आवाजात गुणगुणत होतं. ती बोलायच्या आधीही ते होतं आणि बोलून झाल्यावरही. जणू तिच्या मागे कोणी उभं होतं आणि जायला तयार नव्हतं.

"तिच्याजवळ कोण शे?" बायकोने विचारलं.

"हे," नाना माझ्याकडे बोट करून म्हणाले. "दर ओळीला एक अक्षर चुकलंय. ओळी इतक्या भराभर पळतात की तीच चूक सूर धरते. जिथे जिथे कापलं, तिथे तिथे हे बसलेत."

ते रागाने बोलले नव्हते. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं आणि डोळे मिटले. अक्का जेवायला बोलवत राहिली, मी खालून घुमत राहिलो, आणि नानांची मान हळूहळू हलत होती. मला राहवेना. काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून मी घसा खाकरला.

"गप बसा हो जरा," पदराने डोळे टिपत बायको म्हणाली. "ती जित्ती होती तवाबी तुम्ही तिला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही."