जंतू मेल्यावरचा ताप

मेडिकल कॉलेजातला शिपाई भवानी पेठेतल्या आमच्या दुकानात आला, तेव्हा मला वाटलं, माझा धाकटा भाऊ बसू पुन्हा डबा विसरला. "बाई, सर गेले," एवढंच तो म्हणाला… शिकवता शिकवता बसूचं हृदय बंद पडलं होतं. महिना उलटून गेला, तरी मला त्याचा रागच येतोय. मला विचारल्याशिवाय कुठं जायचा नाही तो.

काही वर्षांपूर्वी माझ्या लेकीला, सुनंदाला मेंदूज्वर झाला, तेव्हा तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी बसूनंच तपासलं होतं. इंजेक्शनांनी जंतू मेले, असं त्यानं सांगताच सासूबाईंनी वॉर्डभर पेढे वाटले. बसूनं पेढा नुसता हातात धरून ठेवला.

"खा की रं. वाचली न्हवं पोर?" सासूबाई म्हणाल्या.

"जंतू मेलेत, मावशी. सूज न्हाय उतरली अजून."

संध्याकाळी ताप पुन्हा चढला. जंतू मेले तर हा ताप कुणाचा, असं मी त्याला दरडावूनच विचारलं. तो समजावू लागला… पेशीच्या पातळ पडद्यात बारीक दारं असतात, त्यांतून क्षारांची बेतानं ये-जा चालते. जंतूंच्या विषानं पडद्याला भोकं पडतात, आतले क्षार बाहेर ओघळतात, मग पेशी बोंब ठोकत असाव्यात आणि भोवताली सूज चढत असावी. जंतू गेले तरी ती बोंब लगेच थांबत नाही.

"मग थांबंल कधी?"

"ठाऊक न्हाय, अक्का. कुणालाच नीट ठाऊक न्हाय."

डॉक्टरनं असं बोलावं, याची मला भयंकर चीड आली होती.

सुनंदा वाचली, पण डावा कान गेला. बसू मग त्याच प्रश्नाच्या मागं लागला. रक्तपेशी, मीठ, पोटॅशियम… लग्नाचं काढलं की म्हणायचा, "एवढं होऊ दे."

परवा सुनंदाला ताप आला. पडशाचाच असणार, पण मी चपला घालून कॉलेजच्या रस्त्याला लागलेसुद्धा. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, आता विचारणार कुणाला… तशीच परत फिरले.

काल ताप उतरला. तिच्याशी कुठल्या बाजूनं बोलायचं, हे आम्ही आईबाप असून विसरतो. बसू कधी विसरला नाही. आला की मुकाट्यानं तिच्या उजवीकडे जाऊन बसायचा. रात्री पानं मांडली, तेव्हा मी आठवणीनं तिच्या उजवीकडे बसायला गेले.

"हितं मामा बसतो की," सुनंदा म्हणाली.

मी माझं ताट उचललं आणि तिच्या डावीकडे जाऊन बसले.