दिनूकाकांचं पदक आणि राहिलेला परिच्छेद

दिनूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत, मधल्या सुट्टीत वह्या तपासत होते. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला दुसरंच आठवलं. त्यांचं एक काम माझ्याकडे राहिलं होतं, आणि आता ‘पुढच्या खेपेला नक्की’ म्हणायला समोर कुणी उरलं नव्हतं...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ऐन विशीत नौदलात गेले, तिथून परतल्यावर बडोद्याच्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्याच समा भागात घर घेऊन राहिले. एकाहत्तरच्या लढाईत समुद्रातले सुरुंग काढताना दाखवलेल्या धैर्याबद्दल त्यांना पदक मिळालं होतं. आम्हा भावंडांना ते एकदाच, कपाटात स्वेटरांच्या खाली सापडलं. “ठेवा जागेवर,” एवढंच काका म्हणाले. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी आम्ही चांगलेच टरकलो.

यंदा आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. परिचय वाचायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस आधी काकांनी मला बोलावून घेतलं, काकूला भाजी आणायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

मग ते लढाईतलं सांगू लागले. त्यांची बोट लाकडी होती. ती मागे लांब पोलादी तार ओढत जायची. तारेने सुरुंगाची तळाला बांधलेली साखळी तुटली की सुरुंग वर यायचा, मग तो लांबून गोळी घालून फोडायचा. तार परत गुंडाळताना तिच्यावर हात ठेवून उभं राहायचं, हे काकांचं काम. तारेत काही अडकून ती वेगळी थरथरली की ओरडायचं, म्हणजे गुंडाळणारे थांबत.

“त्या सकाळी मी तीनदा ओरडलो, मीना. तिन्ही वेळा कोळ्यांची फाटकी जाळी निघाली. सगळे खो खो हसले. चौथ्यांदा तार थरथरली... आणि मी गप्प बसलो.”

तारेत अडकलेला सुरुंग थेट बोटीच्या मागे, हातभर अंतरावर वर आला. त्याची शिंगं, म्हणजे धक्का लागताच स्फोट करणारे खुंट, बोटीला लागली असती तर एकही माणूस वाचला नसता. काकांनी लांब बांबू घेतला, शिंगं चुकवून सुरुंगाला टेकवला आणि बाकीच्यांनी तार तोडेपर्यंत, वीस मिनिटं, तो दूर धरून ठेवला.

“पदक त्या वीस मिनिटांचं. आधीचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तू वाच ते. मी समोर बसलेला असताना वाच.”

मी हो म्हटलं. लिहिलंही.

सत्काराला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत नवी साडी नेसलेली काकू, तिच्यामागे माझ्याच वर्गातली मुलं. शेजारचे गुजराती पाहुणे दर दोन वाक्यांना “वाह, बेन, वाह!” करत होते. तो परिच्छेद आला. व्यासपीठावर काका खुर्चीच्या कडेला सरकून माझ्याकडे टक लावून बसले होते. या सगळ्यांच्या देखत कसं वाचायचं? लोक काय म्हणतील? काकू काय म्हणेल? मी पान उलटलं. टाळ्या झाल्या, शाल आली, फोटो निघाले.

रिक्षात बसताना काका म्हणाले, “एक परिच्छेद राहिला गं.”

“वेळ कमी होता, काका.”

त्यांनी अंगावरची शाल काढून नीट घडी घातली. रागावले असते तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी ते गेले.

हा लेख छापायला धाडण्याआधी मी काकूला वाचून दाखवला. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिच्या जावयाने ते पदक चौकटीत बसवून काकांच्या फोटोशेजारी टांगलंय. वाचून झाल्यावर ती उठून त्या पदकासमोर जाऊन उभी राहिली. आता म्हणेल, माणूस गेल्यावर कशाला हे... मी कागदाची घडी घालायला लागले.

“वीस मिनिटं हात हलला नाही त्यांचा?” तिने विचारलं.

“नाही, काकू.”

“मग ते राहू दे भिंतीवर. आणि हे छापायला दे. या वेळी एक ओळही गाळू नकोस.”