गोजराबाईच्या हातचं

माले गावात क्षयाला कुणी क्षय म्हणत नाही. "तिला ते झालंय," म्हणतात आणि ताट वेगळं काढतात.

२००३च्या उन्हाळ्यात गोजराबाईच्या पाठीत कळा सुरू झाल्या. बाजारातल्या एका डॉक्टरनं एक्सरेत छातीतला डाग पाहिला, थुंकीही न तपासता क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि तेवढ्यावर गावाची पाचावर धारण बसली.

जुलैत तिच्या भातलावणीची इर्जिक होती. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी एकाच्या खाचरात राबायचं आणि मालकिणीनं त्यांना पोटभर जेवू घालायचं. बायांनी लावणी केली खरी, पण जेवायला गेल्या तिची जाऊ शारदा हिच्या दारात. गोजराबाईनं रांधलेलं मटण तसंच पडलं. आणि नवरा गेणबा? तोही शारदाकडं जेवून आला, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळा तिथंच. असल्या मुक्या माणसांचाच जास्त संताप येतो. बायकोच्या बाजूनं चार शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का त्याची?

गोळ्यांनी कळा थांबेनात. घोटावड्याला दिलेली लेक उषा आली आणि आईला धरून पुण्याला घेऊन गेली. तिथं स्कॅन झाला, सुईनं तुकडा काढून तपासला.

"मावशी, क्षय नाही, कॅन्सरही नाही," सर्जन म्हणाले. "छातीच्या आत, मणक्याजवळ, एका मज्जातंतूवर साधी गाठ आहे. क्वचितच कुणाला होते. फासळ्यांमधून जाऊन काढावी लागेल."

"दुसऱ्याला लागती का ही?"

"छे, गाठ कशी लागेल?"

गोजराबाईच्या डोळ्यांत आग उतरली. "मंग काडा लवकर. मला गावात जायाचंय."

गाठ निघाली, लिंबाएवढी. उषानं घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. मग त्याच बाया नारळ घेऊन आल्या, काही झालंच नाही अशा थाटात चहा पिऊन गेल्या. जनाची नाही, निदान मनाची तरी!

पुढच्या वर्षीच्या इर्जिकीला सगळे तिच्या पडवीत जेवायला बसले. गोजराबाई वाढत निघाली. शारदालाही वाढलं. पंगतीच्या टोकाला गेणबा होता. तिथं ती थांबली.

"ती परकी मान्सं, भ्याली. तुमी तर माझं कुंकू. उठा. तुमाला मी वाडनार न्हाई."

गेणबा मान खाली घालून बसून राहिला. तो उठेपर्यंत ती पातेलं घेऊन तिथंच उभी राहिली, आणि तोवर पंगतीतल्या कुणाचाही हात ताटाला लागला नाही.