दुपारी काढून ठेवलेलं हेल्मेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं — की तिलाही नसतं? ती असती तर हे घडलंच नसतं, असं म्हणायला जीभ वळवळते. पण ती पळवाट झाली. तेव्हा तिला यात ओढत नाही, निदान तसा प्रयत्न करतो.

मी मास्तर होतो. शहाद्याजवळच्या एका हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्या कळसाडीत अजून मला 'सर' म्हणतात. भाऊबंदकीत भांडण झालं की सरांना बोलवा, ते खरं तेच बोलतील, असंही म्हणतात. मीही जातो, मधोमध बसतो, खरं काय ते सांगतो. दुसऱ्यांचं खरं सांगायला काय लागतं?

माझा नातू आरुष चार-पाच महिन्यांचा असताना त्याचं डोकं मागून उजवीकडे चपटं दिसायला लागलं. उजवा कान जरा पुढे आलेला. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकाच कुशीवर झोपून असं होतं, घाबरू नका, डोक्याला आकार यायला हेल्मेट बसवू. हाडं मऊ आहेत तोवरच त्याचा उपयोग, वर्षाच्या पुढे फारसा नाही. आणि ते दिवसरात्र घालायचं — काढायचं ते फक्त आंघोळीपुरतं.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. माझी सून पल्लवी, शहाद्याला पतसंस्थेत नोकरी करते, ती तर बाळाला ओट्यावरसुद्धा न्यायला तयार होईना. लोक टिंगल करणारच. 'सर, नातवाला एवढ्यात गाडी घेऊन दिली का?' हे मी स्वतः ऐकलं. मग मी काय केलं — माझं मोटारसायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि आरुषला मांडीवर घेऊन भर संध्याकाळी ओट्यावर बसलो. येणारा-जाणारा हसून हसून बेजार. पण मला हसला, त्याला नाही. टरबूज वाळूत एकाच अंगावर पडून राहिलं तर चपटं होतं की नाही, तसंच हे, असं मी गल्लीतल्या बायकांना समजावलं. पल्लवी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, पप्पा, तुम्ही नसता तर मला हे जमलं नसतं.

हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे पुढचं ऐकताना लक्षात राहील की हेल्मेटचं महत्त्व त्या घरात सगळ्यात जास्त कुणाला कळत होतं.

पल्लवी आणि माझा मुलगा सचिन सकाळी कामावर गेले की घरात मी आणि आरुष. बायको जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. म्हातारपणी माणसाला कुणी हात लावत नाही हो — पाया पडतात तेवढंच. आरुष पूर्वी माझ्या छातीवर झोपायचा, त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली बरोबर बसायचं. हेल्मेट आलं आणि ते संपलं. त्याची कड हनुवटीला रुतायची. त्याचा वास जाऊन हेल्मेट पुसायच्या स्पिरिटचा आणि घामट फोमचा वास यायचा.

चैत्रातल्या एका दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला. आरुष रडून लालबुंद झाला म्हणून मी हेल्मेट काढलं. तो तसाच माझ्या छातीवर झोपला — उघड्या, ओल्या डोक्याचा. मी हललो नाही. इतकं बरं मला बायको गेल्यापासून वाटलं नव्हतं.

त्या दिवशी वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी होती. तरी काढलं. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. गरम होतं त्याला, हे मी स्वतःला सांगायचो — पण कूलर चालू असायचा. ती दोघं घराबाहेर पडली की काढायचं आणि पल्लवी यायच्या आधी बसवायचं. आणि बसवताना ओल्या फडक्यानं आतला फोम ओलसर करायचो, म्हणजे दिवसभर घातल्यासारखा हाताला लागावा. याला काय म्हणाल? माया म्हणाल? फडकं ओलं करताना माझ्या मनात माया नव्हती.

त्यातच आखाजी आली. तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आखाजीला लेकीबाळींनी माहेरी यायचं असतं. माझी थोरली बहीण, आक्का, सत्तरी ओलांडली तरी यायची. खापर गावी दिराच्या घरी राहते. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. माहेर म्हणजे मी, आणि हे घर. त्या वर्षी बाळासाठी म्हणून ती सण झाल्यावरही राहिली.

हेल्मेट बघून तिनं पहिल्याच दिवशी तोंड सोडलं. "हाई टोपलं काबरं घालेल शे पोऱ्याले?" मोहरीची छोटी उशी शिवून आणली होती तिनं, आमच्याकडे पोरांची डोकी अशीच गोल झाली म्हणाली. पल्लवीनं ती वापरली नाही. एकदा तेल लावायला म्हणून आक्कानं सगळ्यांसमोर हेल्मेट काढलं, तेव्हा पल्लवी चिडली, आणि मी — मीच — आक्काला ते टरबुजाचं सगळं पुन्हा समजावलं. तिनं ऐकून घेतलं. आता हात लावणार नाही म्हणाली. माझी बहीण शब्दाची पक्की आहे. तिनं पुन्हा हात लावला नाही.

पण ती घरात होती म्हणून मी थांबलो का? नाही. दुपारी ती ओट्यावर गल्लीतल्या बायकांत बसायची, मी आतल्या खोलीत. एकदा पाणी प्यायला आत आली आणि तिनं बघितलं. हेल्मेट पलंगावर, आरुष माझ्या छातीवर, माझे डोळे मिटलेले — पण मी जागा होतो. ती जरा वेळ उभी राहिली. मग खोलीचं दार हळूच ओढून घेतलं, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून. त्याबद्दल ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, दोघांचं गुपित झालं.

त्यानंतर सचिन-पल्लवी आरुषला दाखवायला सुरतला गेले. डॉक्टरांनी डोकं मोजलं. आधीच्या खेपेपेक्षा काहीच फरक नाही. घालता ना नीट, असं त्यांनी पल्लवीलाच विचारलं, आणि ती बिचारी शपथेवर हो म्हणून आली.

दिवेलागणीला दोघं परत आली. पल्लवीचे डोळे सुजलेले. सचिननं सगळ्यांना बसवलं, पण विचारलं फक्त आक्काला. साहजिकच होतं ना? टोपलं म्हणणारी ती, तेलासाठी काढताना सापडलेली ती. दुपारी आम्ही नसताना तू काढतेस का, खरं सांग आत्या, असं तो म्हणाला.

आक्कानं माझ्याकडे बघितलं.

तक्रार नव्हती त्या बघण्यात. ती फक्त थांबली होती. किती वेळ? एक वाक्य बोलायला पुरेल इतका. वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं, खोटं नाही सांगत — आणि मग मला पल्लवीचं ते 'तुम्ही नसता तर' आठवलं, आणि मी भिंतीकडे बघितलं.

"मीच काढं," आक्का म्हणाली. "मन्ही चूक व्हयनी."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तरी मला वाटतं मी आज जरा कमी नीच ठरलो असतो. पण सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो. शाळेत चुकलेल्या पोराशी बोलायचो तशा आवाजात, सावकाश, प्रत्येक शब्द तोडून —

"आक्का, तू आसं कराले नको व्हतं."

हीच ती गोष्ट. हेल्मेट नव्हे, हे वाक्य. ती मान खाली घालून हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सचिननं तिला शहाद्याच्या स्टँडवर सोडलं. मी आरुषला घेऊन आत होतो. त्यानंतर हेल्मेट मी एकदाही काढलं नाही. पण ऐन उपयोगाचे दिवस गेले होते. आरुष आता शाळेत जातो. डोकं केसांत झाकतं, कान झाकत नाही. त्याला चष्मा लागलाय, तो नाकावर सरळ बसतच नाही. सारखा एका बाजूनं वर ढकलत असतो. दर वेळी ढकलतो तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

आक्का त्यानंतर आलेली नाही. घरात सगळ्यांना वाटतं, ती रुसलीय. पण आखाजीला बहीण आपली आपण येत नाही. भावानं जाऊन तिला आणायचं असतं, तेव्हा ती येते, न बोलावता आलेल्या लेकीला मान नाही. दर वर्षी मीच जायचो. एसटीत शेजारी बसायची, खिडकीतून प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचायची. आता मी जात नाही. ती शेजारी बसली तर इतका वेळ मी बोलू काय तिच्याशी?

या वर्षी आखाजी जवळ आली तेव्हा तिचा फोन आला. आधी पोऱ्याचं डोकं कसं आहे ते विचारलं. चांगलं आहे म्हणालो. मग म्हणाली, "औंदा लेवाले येशी ना, बापू?"

"देखसू," मी म्हणालो.

त्याच रात्री जेवताना पल्लवी आपणहून म्हणाली, पप्पा, या वर्षी आत्याबाईंना घेऊन या ना. झालं गेलं, म्हाताऱ्या माणसावर किती दिवस राग धरायचा? माझ्या मनात आता काही नाही.

मी घास गिळला. म्हणालो, मी फोन केला होता. आक्का नाही म्हणते.

मानी आहेत हो फार, पल्लवी म्हणाली.

मी म्हणालो, हो, लहानपणापासून तशीच आहे.