घागर दाखवणारी पेटी

माझी बायको बहिरी होती. जन्मापासून नाही, मोठा ताप आला, त्यातनं उठली तेव्हा कान गेले होते. जीभ मात्र शाबूत होती, आणि ती काय जीभ होती ते आमच्या गल्लीला विचारा. ती गेली तसं लोक येतात, समोर बसतात, म्हणतात, बाईनं लई सोसलं. आता त्यांना काय सांगू. रात्री उशाला हात जातो आणि तिथं कुणी नसतं, ते माझं मी बघीन. पण आम्ही दोघं लई हसलो, ते कुणी विचारत नाही. म्हणून लिहितो.

ऐंशीनंतरची ती सालं. पाऊस पाठ फिरवून बसलेला. आमचं गाव ढोकीच्या बाजूला. सगळ्या विहिरी कोरड्या, गावच्या आडात टँकर पाणी ओतायचा. त्याला वेळकाळ नव्हता. हॉर्न वाजला की बाया घागरी घेऊन पळायच्या. आधी पोचली तिला पाणी, मागं राहिली तिला गाळ. मी साखर कारखान्यात वायरमन, ड्यूटीवर. घरात ही एकटी, आणि हॉर्न ऐकू येत नाही. मग शेजारीण अर्धी कळशी उंबऱ्यावर आणून ठेवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "बहिरीला दिलं बाई, पुण्य लागतंय." ऐकू येत नसलं तरी हलणारे ओठ हिला वाचता यायचे.

एक दिवस मला म्हणाली, "अवो, पानी न्हाई मिळालं तर तशीच ऱ्हाईन. पर कुनी आनून द्यायचं न्हाई. माझं मी शेंदीन."

कारखान्यात नवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बसला होता. त्याची एक बाद झालेली पेटी भंगारात पडलेली. काचेमागं चार घरं, एकेका घरात लाल उजेडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या कांड्या. आकडा काढा नाहीतर अक्षर काढा. मी ती मागून घेतली. मीटर सांभाळणारा एक साहेब होता, पुण्याकडचा, सडाफटिंग. संध्याकाळी त्याला उद्योग नसायचा. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेला. तो म्हणाला, "तारांना डाख तुम्ही द्या, प्रोग्रॅम मी लिहितो."

त्यानं एक चिप आणली. मोठ्या गोमेसारखी, दोन्ही अंगांनी पाय, पाठीवर काचेची बारकी खिडकी. ह्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, म्हणाला, ह्याच्यात सांगून ठेवलं की ते तसंच वागतं. मी हातवारे करून हिला समजावलं. ही म्हणाली, "मग तुमच्यापरीस बरं हाय."

लांब बांबूला रॉकेलचं नरसाळं बांधलं, नरसाळ्यात माईक बसवला आणि बांबू घराच्या धाब्यावर उभा केला. गल्लीत पिठाची गिरणी, तिच्या घरघरीच्या वर तोंड पाहिजे होतं. हॉर्न आला की पेटीत उजेड पडणार. साहेबानं इंग्रजी अक्षरं लावली. ही बघत बसली. "ह्ये मला काय सांगतंय? घागर काढा की."

साहेब म्हणाला, "ताई, ह्यात चित्र येत नाही."

हिनं काड्यापेटी जमिनीवर उपडी केली. काड्या मांडत बसली. खाली चौकोन, त्यावर दोन तिरप्या, वर पसरलेलं तोंड. साहेब वाकून बघायला लागला. पेटीच्या कांड्यांतही नेमकं तेवढंच बसत होतं. मी म्हणालो, ही घागर आहे का पोलकं? तिनं माझ्या पाठीत एक घातली. साहेब भिंतीला टेकून हसत होता.

घागर पेटली तेव्हा आम्ही तिघंही पोरासारखे नाचलो. मी अंगणात सायकलचा हॉर्न दाबायचा आणि ही आतनं ओरडायची, "आली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी घागर पेटली आणि ही पळाली. टँकर नव्हता. वऱ्हाडाचा ट्रक होता. रिकामी घागर घेऊन बाई थेट नवरदेवापुढं. असा अपशकुन दुसरा नाही. ट्रक जागच्या जागी थांबला. नवरदेवाचा मामा खाली उतरून हातवारे करत बोलत होता, आणि ह्या बाईनं घागर पुढं केली, म्हणाली, "वता की." मामानं घागरीत डोकावून बघितलं. रिकामी घागर ओलांडून लग्नाला जायचं कसं? शेवटी वऱ्हाडाच्या पिंपातलं पाणी घागरीत ओतलं, भरलेल्या घागरीला हळदकुंकू लावलं, तेव्हा ट्रक हलला.

मी घरी आलो तर घागर काठोकाठ, वर हळदकुंकू. म्हणाली, "तुमची पेटी खोटी न्हाई. पानी आलंच." आम्ही दोघं जमिनीवर बसून डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसलो. मग तिनं पदरानं डोळे पुसले. "पर ह्ये बी दिल्यालंच पानी झालं," म्हणाली.

मग टँकरच्या ड्रायव्हरला चहा पाजला. त्याला सांगितलं, ओढ्याच्या वळणावर एक लांब हॉर्न दे आणि मागनं दोन तुटक. पेटीनं फक्त तेवढंच ओळखायचं. पण चिपमधलं जुनं पुसल्याशिवाय नवं भरता येईना, आणि पुसायला लागतो एक खास दिवा, तो आमच्याकडं कुठला? साहेब म्हणाला, चिपच्या खिडकीतनं कडक ऊन गेलं तरी पुसतं, पण दिवस लागतील.

"ऊन व्हय?" ही म्हणाली. "घ्या की. गावभर सांडलंय."

धाब्यावर कुरडया वाळत होत्या, त्यांच्यातच चिप ठेवली. दिवसभर ही काठी घेऊन कावळे हाकायची. येणारीजाणारी विचारायची, ह्ये काय वाळत घातलंय? ही ओठ बघून सांगायची, "अक्कल." ज्या उन्हानं आमचा आड आटवला, त्यानं आमचं एवढं काम फुकटात केलं. नवा प्रोग्रॅम भरल्यावर साहेब म्हणाला, आता चिपची खिडकी झाका, नाहीतर उन्हानं हेही पुसेल. हिनं काळा कागद लावला आणि वरनं आपली टिकली.

पुढच्या टँकरला मी रजा काढून घरीच होतो. वळणावरचा हॉर्न गल्लीत कुणालाच ऐकू आला नाही, गिरणी चालू होती. पेटीत घागर पेटली. ही उठली, पदर खोचला, निघाली. आडावर पहिली. टँकर तिच्या मागनं आला. दोन घागरी शेंदून झाल्या तेव्हा बाकीच्या धापा टाकत पोचल्या.

शेजारीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, तुला आधी कळतंय. आमाला बी हाक मारीत जा की."

हिनं ओठ नीट वाचले, तरी खरंच असं म्हणाली का म्हणून माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. भरली घागर कमरेवर घेऊन ती म्हणाली, "मारीन. पर एकदाच मारीन. ऐकू आलं न्हाई म्हनायचं न्हाई."