पाळण्यातली शेळी

माझी आई चारचौघांत कधी गायली नव्हती. शेळ्यांमागे फिरताना, शेंगा फोडताना ती स्वतःशी गुणगुणायची आणि कुणी ऐकतंय असं कळलं की गप्प व्हायची. त्यामुळे ताईच्या सासरहून, वडवणीहून, 'बारशाला पाळणा इहीनबाईंनीच म्हणायचा' असा निरोप आला तेव्हा तिचं जेवणावरून लक्षच उडालं.

त्याचं असं झालं. ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, केजजवळच्या गावी झालं. बारसं तिकडेच करायचं म्हणून सव्वा महिन्याने ती बाळाला घेऊन सासरी गेली आणि तिथे बाळ काही केल्या झोपेना. तिने मला फोन केला, "मायचा आवाज पाठव की रे." आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी फोन रेकॉर्डिंगला लावून सुपाच्या कडेला ठेवला आणि म्हणालो, "बाळासाठी म्हण." आधी तिला हसू आलं, मग ती गायली. दोन-तीन ओळींचा साधा पाळणा, पुन्हा पुन्हा तोच. मध्येच एक शेळी सुपात तोंड घालायला आली. आईने त्याच सुरात "हाड, हाड गं" म्हटलं आणि पुढची ओळ उचलली. मी ते तसंच पाठवून दिलं.

बाळ त्यावर झोपू लागलं. ताईच्या सासूबाईही दुपारी ते ऐकत पडू लागल्या. त्यांनी शेजारणींना ऐकवलं आणि मग तो निरोप आला.

"मला न्हाई जमायचं," आई म्हणाली.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तिच्याच कष्टावर शिकलो, म्हणून माझ्या शब्दावर तिचा फार विश्वास. मी मनापासून सांगितलं, "फोनमधलं एवढं आवडलं, तर समोरासमोर किती आवडेल!" मला खरंच तसं वाटत होतं. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून नुसते ओठ हलवत बसली होती.

वडवणीला पोचलो तर दारात माणसाएवढे स्पीकर. व्याही खुशीत होते. "इहीनबाईंचा आवाज पार बाजारापत्तुर गेला पाहिजे!" मांडववाल्याने कौतुकाने इको चढवून ठेवला होता. आईने पाळण्याची दोरी धरली, माईकमध्ये "जो" म्हटलं आणि "जो, जो, जो, जो" असं चहूबाजूंनी परत आलं. ते संपायची वाट बघत ती थांबली. बाळ दचकून रडायला लागलं.

"एका इहिनीच्या चार झाल्या की गं!" मागून एक मावशी म्हणाली आणि बायका खदखदून हसल्या.

सासूबाई ओरडल्या, "बंद करा ते डबडं! आनलं कावून म्हनते मी?"

माईक गेला, तरी जमेना. आता सगळ्या गप्प बसून आईच्या तोंडाकडे बघत होत्या. मागच्या बाईलाही ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला, एकेक शब्द स्पष्ट म्हटला. तो पाळणा शाळेतल्या प्रार्थनेसारखा वाटायला लागला. बाळाने आणखी सूर लावला. आईचा चेहरा बघून मला वाटलं, झालं, ही आता शेंगा फोडतानासुद्धा गायची नाही.

तेवढ्यात ताईने फोन बाळाच्या उशाशी ठेवला.

आवाज इतका बारीक होता की बायका ऐकायला पुढे वाकल्या. शेंगा फुटत होत्या, बांगड्या वाजत होत्या आणि त्यांच्यामधून आई कानाशी बसल्यासारखी गात होती. बाळाने दोन हुंदके दिले आणि ते थांबलं. "हाड, हाड गं" आलं तसं सगळं घर हसलं. बाळ शांतच होतं. त्याच्या लेखी शेळी पाळण्यातलीच होती.

"इहीनबाई," सासूबाई आईचा हात धरून म्हणाल्या, "आत्ता तुमी आमाला ऐकवत व्हतात. ह्ये लेकराला म्हणलंय."

मग आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मी बघत होतो. ज्या नावासाठी सगळे जमले होते, ते आधी एकाच कानात गेलं. आईचं गाणंही त्याच मापाचं होतं. समोर माणसं बसली की ते ताणावं लागायचं. फोनने ते ताणलं नाही, फक्त ऐकणाऱ्याला जवळ नेऊन बसवलं.

आम्ही एसटीने परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शेंगांचं सूप पुढे ओढलं आणि मला हाक मारली.

"फोन आन तुजा. दुसरा एक पाळणा हाय, लेकराला त्यो बी पाठवू." मग उठायला लागली. "थांब, आदी शेळी बांदून येते."

"राहू दे गं मोकळी," मी म्हणालो.